एका हौद्यातली माणसं

बहारीनच्या मातीत कुस्ती होत नाही. मुळात ती मातीच नाही, वाळू आहे, आणि वाळूत आपटलेल्या माणसाची कातडी सोलून निघते. तरीही मआमीरच्या आमच्या कामगार-कॅम्पमागे मी आणि शंभूनं हौदा केला. वाळू चाळून घेतली, तिच्यात तेल आणि हळद कालवली, वर लबान ओतलं. लबान म्हणजे इथलं ताक. कॅम्पातले लोक म्हणाले, रावजीच्या डोक्याला ऊन लागलंय. म्हणेनात का! मी कराडकडचा, तालमीत वाढलेला गडी. हौदा नसला की माझं अंग मला खायला उठतं.

शंभू चिपळूणचा, कंपनीचा ड्रायव्हर. मुंबईत गोदीवर असताना बॉक्सिंग शिकलेला. अंगानं सडपातळ आणि बोलायला इतका गोड, की उपाशी माणसाचं पोट भरावं. मी त्याला भाऊ मानला. आज हे लिहितानाही दातओठ खावेसे वाटतात.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, आमच्या मालकाचं शहरात, हूरा भागात हॉटेल उभं राहत होतं. त्याला हेड वॉचमन हवा होता. त्या जागेला फॅमिली क्वार्टर होतं आणि बायकोचा व्हिसा मिळणार होता. आमच्यासारख्या फिटरला असली गोष्ट स्वप्नातही मिळत नसे. मालक मारामारीचा भारी शौकीन. त्यानं जाहीर केलं, पुढच्या महिन्यात शुक्रवारी यार्डात झुंज लावू. ठोसेही चालतील, कुस्तीही चालेल. जो शेवटी उभा राहील त्याची जागा. समोर कोण, ते त्याच दिवशी कळेल.

माझं लग्न झालं आणि लगेच मी इकडे आलो. रखमाशी संसार असा झालाच नव्हता. सुट्टीत जायचं, पाहुण्यासारखं राहायचं आणि परत निघायचं. मी झुंजीला नाव दिलं आणि तिला कळवून टाकलं, तयारीला लाग, क्वार्टर आपलंच.

ठोशांची बाजू शंभूनं शिकवायची असं ठरलं. पहिल्या दिवशी ग्लोव्ह्ज घातले आणि विडी ओढून व्हायच्या आत माझे खांदे लोंबायला लागले. ढीगभर जोर काढणारा गडी मी, आणि हवेत हात मारून धापा टाकतोय! शंभू हसून हसून खाली बसला.

"अरे रावजी, तू मूठ सगळा वेळ आवळून धरतोस आणि श्वास कोंडतोस. ठोसा लागेल तेवढ्यापुरती मूठ घट्ट कर. मारलंस की श्वास सोड, मागे सर, खांदे ढिले कर. आमच्यात गेलेला दम मागे सरून परत घ्यायचा असतो."

मग हौद्यात माझी पाळी आली. मी त्याच्या मानेवर हात टाकला, छाती त्याच्या पाठीवर टेकवली आणि नुसता भार दिला. मारणं नाही, ओढणं नाही. कुस्तीत दुसऱ्याचं ओझं आपल्यालाच वाहावं लागतं आणि ते क्षणभरही खाली ठेवता येत नाही. आधी मांड्या थरथरतात, मग पंजे उघडतात, मग छाती भरते. शंभू उठून शेडमागे जाऊन ओकला.

"हे मार खाण्यापेक्षा वाईट," तो म्हणाला. "तू काहीच करत नाहीस आणि माझा जीव जातो."

"तीच तर कुस्ती," मी म्हणालो, आणि मूर्खासारखं त्याच्याजवळ मन मोकळं केलं. "ठोशाठोशात मी आधी संपणार, मला ठावं हाय. पर एकदा धरला की सोडायचा न्हाई, मग समोरचा संपतो. फकस्त माझी पकड फोडून मला कुणी बाजूला काढलं आन् पुन्ना पुन्ना धरायला लावलं, तर माझे पंजे जातात. ही गोष्ट तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे."

आमच्याकडे एका हौद्यात घाम गाळलेली माणसं फडात एकमेकांवर उतरत नाहीत. तालमीतलं पोरगंही हे जाणतं. ते मी शंभूला सांगितलं. त्यानं चिमूटभर वाळू उचलून कपाळाला लावली. "मी कशाला उतरू? रत्ना चिपळूणात सुखात आहे," तो बायकोबद्दल म्हणाला. माझा विश्वास बसला. ज्यानं वाळू कपाळाला लावली त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

शुक्रवारी यार्डात रबरी मॅट अंथरली होती. आमचा टाइमकीपर हारून, रत्नागिरीचा, भला माणूस, त्यानं हिंदीत नियम सांगितले. कुणी कुणाला धरलं तर पंच दहा मोजणार आणि दोघांना सोडवणार. मग पुन्हा उभं राहून सुरुवात. असला नियम आला कुठून? तेवढ्यात त्यानं समोरच्याचं नाव पुकारलं, आणि ग्लोव्ह्ज हातात घेऊन शंभू पुढे आला.

"शंभ्या, आरं एका हौद्यातलं आपण!"

"तो हौदा होता रावजी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ही मॅट आहे."

मी त्याला धरला. कितीदा तरी धरला. प्रत्येक वेळी त्याचा श्वास तुटायला यायचा, त्याची मान माझ्या हाताखाली वाकायची, आणि नेमकी तेव्हाच पंचाची शिट्टी वाजायची. तो मागे सरायचा, खांदे ढिले सोडायचा, दम परत घ्यायचा. मला मात्र ठोसे खात पुन्हा जवळ जावं लागे. शेवटी शेवटी बोटं माझी राहिलीच नाहीत. मी त्याचं मनगट पकडलं आणि पंजा आपोआप उघडला. त्यानंतरचा ठोसा मला दिसला होता, हात वर होईना इतकंच. मालक टाळ्या वाजवत ओरडला, "खलास!"

माझ्या तोंडाला बर्फ लावता लावता हारून म्हणाला, "रावजीभाई, सांगू की नको असं झालंय. तो नियम मालकाचा नव्हता. शंभूनंच आठवडाभर आधी जाऊन सुचवला." मार लागल्याचं दुःख तिथंच संपलं. नुसता हरलो असतो तर पचवलं असतं. मी विश्वासानं सांगितलेलं माझंच दुखणं त्यानं बाजारात विकलं होतं.

शंभू हूऱ्याला गेला. हौद्यात मी पुन्हा उतरलो नाही.

हिवाळ्यात नवे फिटर यायचे होते, त्यांना आणायला कंपनीनं मला बसबरोबर मुहर्रकच्या विमानतळावर पाठवलं. त्यांच्या मागोमाग हिरव्या लुगड्यातली एक बाई आली. माझ्याकडे बघत थांबली.

"तुम्ही रावजी भावजी ना? मी रत्ना. ह्यांची ड्यूटी आहे, कंपनीच्या बसनं ये म्हणाले. तुमच्या पैलवानी, फुटलेल्या कानांवरून ओळखलं." असं म्हणून ती भर गर्दीत माझ्या पाया पडली. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत. ह्यांनी सगळं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"तुम्ही मुद्दाम हात सैल सोडलात. आमचा संसार लागावा म्हणून."

खरं सांगावं तर नवऱ्याकडे निघालेल्या त्या बाईचं काय करायचं? शंभूनं माझी हारसुद्धा माझी ठेवली नव्हती.

"निघायच्या आधी चिपळूणहून एस्टीनं कराडला जाऊन आले," ती सांगत होती. "हेच म्हणाले, त्या माउलीची ओटी भरून ये. मी रखमाताईंना सगळं सांगितलं."

"आन् ती काय म्हणाली?"

"त्यांनी एवढंच विचारलं, स्वतःहून सोडलं का? मी म्हटलं, हो, स्वतःहून."

गावाकडून कुणीही येणार असलं की रखमा त्याच्या हाती काहीतरी द्यायची, काही नाही तर लसणाची चटणी. मी रत्नाबाईच्या पिशवीकडे बघितलं. "माझ्यासाठी काय दिलं न्हाई?"

रत्नाबाईनं मान खाली घातली. "नाही, भावजी. मी भरलेल्या ओटीतला नारळ तेवढा त्यांनी परत माझ्या पदरात घातला. म्हणाल्या, संसार तुझा लागतोय, तुलाच असू दे."