पाणी गेल्याची वेळ

मला कुणी काही विचारलं की उत्तर सासूबाई देतात. लग्नाला दोन वर्षं झाली, पण या घरात माझं तोंड फक्त जेवायच्या कामाचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी झेंडू तोडता तोडता माझं पाणी गेलं. साडी ओलीचिंब झाली. सासूबाई, लंकाबाई त्यांचं नाव, पलीकडच्या सरीतूनच म्हणाल्या, "कळा येतात का? नाय ना? मग कशाला घाई? माझ्या सोमनाथच्या टायमाला दोन दिवस असंच चाललं होतं. आधी टेम्पो भरू दे."

टेम्पो भरला. सोमनाथ, म्हणजे माझा नवरा, फुलं घेऊन नाशिकच्या बाजारात गेला तो दसरा उरकूनच परतला. रात्री माझं अंग तापलं, तर सासूबाईंनी तापाची गोळी दिली. दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, तब्बल चोवीस तासांनी. निघताना आणखी एक गोळी दिली, म्हणून तिथे ताप दिसलाच नाही.

सिस्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, "पाणी कधी गेलं, ताई?"

"आज सकाळीच, सहाला," सासूबाई म्हणाल्या. खरं सांगितलं तर डॉक्टर चारचौघांत झापतील, एवढीच त्यांना भीती.

"हो ना?" सिस्टरनं पुन्हा मलाच विचारलं. आणि मी मेलीनं मान हलवली. तिनं केसपेपरवर तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी मुलगा झाला. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो दूध ओढेना, पाय गार लागायला लागले. मी म्हटलं, "आई, डॉक्टरांना बोलवा ना."

"झोपाळू हाय, बापावर गेलाय. तुला बाई सगळ्याचीच लय काळजी!"

दुपारी तो कण्हायला लागला, तेव्हा कुठे त्याला उचलून काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरांनी सगळं परत विचारलं. या वेळी मी सासूबाईंना बोलूच दिलं नाही. पाण्याची खरी वेळ सांगितली, तापाचंही सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "हे कालच कळलं असतं तर जन्मल्याबरोबर औषध सुरू केलं असतं. आता इन्फेक्शन रक्तात गेलंय."

चौथ्या दिवशी माझं बाळ गेलं.

आता बायका भेटायला येतात. काल चुलत सासू धोंडाबाई आल्या. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "काय करणार बाई, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं त्याच्या कपाळी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"सटवाई पाचवीच्या रात्री येते, आई," मी म्हटलं. "माझं लेकरू चौथ्या दिवशीच गेलं. तिनं कधी लिहिलं? लिहिलं ते सिस्टरनं. तुम्ही सांगितलं ते. आणि मी मान हलवली."