पंखा थांबला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टाकी आहे. तळेगावच्या एका शेडमागे, घाणेरीच्या जाळीत उभी. एकोणीसशे एकाहत्तर साली मला घडवलं. माझ्या पोटात ग्रॅफाइटचे काळे गोळे भरले, विजेने ते लालभडक तापवले आणि पंख्याने त्यांच्यातून हेलियम वायू फिरवला. माझ्यात अणुइंधन कधीच नव्हतं. पण पुढे तशी अणुभट्टी बांधली, तर ती सुरक्षित कशी राहील, हे माझ्यावर पारखून पाहत होते.

माझा आराखडा गोरखचा. तो परंदवडीचा, घराण्यातला पहिला इंजिनिअर. तो सांगे, अणुभट्टी बंद केली तरी आत उष्णता धुमसतच राहते. पंखा थांबला, तरी ती भिंतीवाटे आपोआप बाहेर गेली पाहिजे.

भातकापणीच्या दिवसांत एका दुपारी त्याने मुद्दाम पंखा बंद केला. वीज कमी केली, पण त्या धुमसत्या उष्णतेची नक्कल म्हणून चालू ठेवली. तापमानाचा काटा चढू लागला. माझे सांधे कुरकुरले. पाहायला आलेल्या मोठ्या साहेबांना घाम फुटला. त्यांनी आगीच्या बंबावरच्या अंबाजीला माझ्यावर पाणी मारायला सांगितलं.

गोरख आडवा आला. गार पाण्याने तापलेलं पोलाद तडकेल, पाणी आत शिरेल आणि ग्रॅफाइटवर पडून पेटणारा वायू तयार होईल, असं त्याने बजावलं.

अंबाजी त्याच्याच गावचा. त्याची लेक आवाराच्या भिंतीपलीकडे बायकांबरोबर भात कापत होती.

"गोरखा, माजी गंगी तितं हाय. खरं सांग, फुटंल का ही?"

"न्हाई, आबा. भिंतीतनं जाईल तेवढीच उष्णता आत ठेवलीय मी. तरी बायकांना लांब न्या. मी हितंच थांबतो."

अंबाजीने नळी खाली ठेवली. बायकांना लांब नेलं आणि परत येऊन तो गोरखशेजारी उभा राहिला. काटा चढतच होता. मग अडला. बराच वेळ जागच्या जागी थरथरला आणि हळूहळू खाली सरकू लागला. गोरखने आकडा टिपून घेतला.

साहेबांनी माझं फार कौतुक केलं आणि लगेच दहापट मोठी टाकी बांधायला सांगितली. गोरखने नकार दिला. मधले गोळे भिंतीपासून लांब पडतील, त्यांची उष्णता बाहेर निघणार नाही, असं तो परोपरीने सांगत राहिला. त्याची बदली झाली. काम बंद पडलं आणि मी इथे आले.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, हे तुम्हाला शाळेत शिकवतातच. वेळेवर 'नाही' म्हणणाऱ्या माणसांनाही जपा.