हिरवी वायर

रविराज जाऊन दीड वर्ष झालं, तरी त्याचा व्हॉल्व्हचा जुना गिटार-अ‍ॅम्प्लिफायर काळेवाडीच्या घरात ठाण मांडून होता. उद्या लेक आरोही येऊन तो बंगळूरला नेणार होती, पण एका अटीवर. त्यातला "घूं" आवाज गेला पाहिजे, नाहीतर सरळ भंगारात द्या म्हणाली. बाबांची आठवण हवी, पण घूं नको! विजयश्रीने तिला फोनवर झापलंच असतं. पण त्याच आवाजावरून तिनेही नवऱ्याचं डोकं वर्षानुवर्षं खाल्लं होतं. कुठल्या तोंडाने बोलणार?

शेवटी तिने मोशीहून नवनाथभाऊंना बोलावलं. ते रविराजबरोबर चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला होते. सकाळपासून बिचारे मांडी ठोकून बसलेले. गिटारची केबल काढली, आवाज होताच. व्हॉल्यूम शून्यावर नेला, तरी होताच. आतले काचेचे व्हॉल्व्ह बदलून पाहिले, मोठे कपॅसिटर नवे घातले, दोनदा चहा झाला.

"वहिनी, लई हट्टी हाय ह्यो."

"मालकावर गेलाय," ती म्हणाली. हा खोका भंगारात गेला असता, तर रविराज दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं तिला.

नवनाथभाऊंनी खोका भिंतीपासून पुढे ओढला. मागच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली एक हिरवी वायर खिडकीतून बाहेर जाऊन नळाच्या पाइपला बांधलेली होती.

"ही कशापायी?"

विजयश्रीला आठवलं. नव्या संसारात पुसताना तिला या खोक्याचा सणसणीत शॉक बसला होता. तेव्हा घरात अर्थिंगच नव्हतं. रविराजने त्याच दिवशी वायर बांधली, आणि ती म्हणाली होती, "ही काढलीत तर मी या घरात राहणार नाही."

भाऊंनी स्क्रू सोडला. आवाज थांबला.

"पुढं घराचं वायरिंग नवं झालं, तवाच सॉकेटला अर्थिंग आलं. त्यावर ही दुसरी. दोन अर्थिंगांमधनं करंट फिरतोय, म्हणून घूं. हिची गरजच न्हाई आता."

"मग ह्यांना कळलं नाही?"

नवनाथभाऊंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "वहिनी, आख्ख्या कंपनीचं अर्थिंग त्योच तपासायचा."

एवढी वर्षं विजयश्री कटकट करायची आणि तो नुसता हसायचा. दोन मिनिटांचं काम होतं. तिच्या एका शब्दाखातर त्याने केलं नाही, आणि तसं बोलूनही दाखवलं नाही.

"आरोहीला कळवू का, झालं म्हणून?"

"उद्या कळवा. आजच्या दिवस ती वायर परत लावा, भाऊ."

भाऊंनी स्क्रू आवळला. घरभर घूं भरून राहिलं. सवयीने विजयश्रीच्या तोंडून निघून गेलं, "अहो, बंद करा ना तो भुंगा!"

आणि ती त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली.