दळण होईस्तोवर बघायचं

माझ्या गिरणीत ज्वारी, बाजरी, गहू आणि हरभऱ्याची डाळ दळून मिळते. सल्ला मिळत नाही आणि घेतलाही जात नाही. हे अख्ख्या मिरजगावाला ठाऊक आहे, तरी गेल्या माघात जो तो दळणाच्या डब्याबरोबर माझ्यासाठी एक सल्लाही घेऊन यायचा. सगळे सल्ले दुर्वाबद्दल असायचे.

दुर्वा माझी भाची, माझ्या भावाची, अजिनाथची मुलगी. वय दहा. अजिनाथ आणि सविता वहिनी दिवाळी झाली की कोपरगावकडे ऊसतोडीला जातात ते ऊन तापल्यावरच परततात. तेवढे महिने पोरगी माझ्यापाशी असते. मी एकटीच राहते. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला बरीच वर्षं झाली आणि त्याचा मला एक दिवसही पस्तावा झालेला नाही.

तर या दुर्वाला बॅलेचं वेड लागलं. झेडपीच्या शाळेत उन्हाळी शिबिराला नगरहून अश्विनी मॅडम आल्या होत्या. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडातून अजून नगरच येतं. तर या मॅडम पुण्यात बॅले शिकून आलेल्या. पाठ ताठ, पाय कमरेपासून बाहेरच्या अंगाला वळवलेले, चवड्यांवर उभं राहून तोल सांभाळायचा, असा तो परदेशातला नाच. त्यांनी दुर्वाचे पाय पाहिले आणि मला निरोप धाडला की हिला शनिवारी शनिवारी माझ्याकडे आणा. तेव्हापासून आम्ही दोघी दर शनिवारी एसटीनं नगरला जाऊ लागलो. घरी सरावाला आधार हवा म्हणून मी गिरणीच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी पाइप ठोकून घेतला. वेल्डिंगवाल्यानं विचारलं, म्हैस बांधायची का? मी म्हटलं, तुला बांधीन.

पुण्याजवळ एक निवासी शाळा आहे. तिथं शिक्षण आणि बॅले दोन्ही देतात, राहणं-खाणं शाळेकडे. पण मुली पारखून घेतात. पहिल्या फेरीला मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवायचा होता. अश्विनी मॅडमनी तो त्यांच्या वर्गात काढला आणि पाठवला. थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला.

"ताई, दुसऱ्या फेरीला बोलावलंय. पाय आवडले त्यांना, पाठही आवडली. पण एक गोष्ट म्हणाले, मुलगी सगळा वेळ जमिनीकडे बघते. समोर उभं राहून असंच केलं तर घेणार नाहीत."

माझं डोकंच फिरलं. कारण मला माहीत होतं ती खाली का बघते. गिरणीचं दार लावून आम्ही दोघीच असलो की ही पोरगी समोरच्या भिंतीला भोक पाडेल अशी नजर ठेवून नाचायची. कुणी तिसरं माणूस आलं की मान खाली. आमच्याकडे पोरीला धड चालता येत नाही तोवर मान खाली घालायला शिकवून होतं. त्यात आमचे बजरंगतात्या. वडिलांचे चुलतभाऊ, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. गल्लीत दुर्वा दिसली की हातातली काठी आपटून म्हणायचे, "खाली बघून चालावं पोरीच्या जातीनं." असं सांगून सांगून त्यांनी पोरीची मान घडवली होती, आणि आता तिची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

मी दोन दिवस विचार केला. आरशासमोर उभी करून काही होणार नव्हतं, कारण आरशात तीच असते. तिला माणसं हवी होती. अनोळखी, टवाळ, नाक मुरडणारी, सगळी. आणि माणसं माझ्या गिरणीत रोज संध्याकाळी रांग लावून बसतात. दळण होईस्तोवर त्यांना जाता येत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चक्की सुरू करायच्या आधी मी रांगेपुढे जाहीर केलं. "आजपासून माझी भाची हितं नाचनार. ज्याचं दळण चक्कीत हाय, त्यानं दळण होईस्तोवर तिच्याकडं बघायचं. ती तुमच्याकडं बघल. हसायचं न्हाई, बोलायचं न्हाई. ज्याला झेपत न्हाई त्यानं डबा उचलावा."

पहिला डबा साळूबाईचा होता. ऐंशीच्या घरातली म्हातारी, तोंडात तंबाखू, जिभेवर लगाम नाही. ती पोत्यावर ऐसपैस बसली. दुर्वानं पाइप धरला, टाचा जुळवल्या, गुडघे बाहेरच्या बाजूला दुमडत खाली गेली. मानही खाली गेली.

"आगं ए," साळूबाई चक्कीच्या पट्ट्यावर आवाज चढवून ओरडली, "मी का जमिनीत पुरलीय? हिकडं बघ की!"

दुर्वानं क्षणभर वर बघितलं आणि पुन्हा मान टाकली. साळूबाईची ज्वारी संपली, तरी पोरीची नजर काही वर टिकली नाही. रात्री जेवताना ती रडली. म्हणाली, "आत्या, माणसांकडं बघितलं की पाय इसरत्यात."

"मग इसरू देत," मी म्हटलं. "पाय परत शिकवता येत्यात. उद्या परत."

रोज संध्याकाळी तेच चाललं. आणि रोज मी तिला बजावायची, कुनी बी म्हनलं तरी मान खाली घालायची न्हाई. साळूबाई तर दळण नसतानाही येऊन बसायला लागली. बायकांची नजर पोरीला आधी झेपली, मग म्हाताऱ्यांची. पोरांची झेपायला वेळ लागला. त्यातच ओम नावाच्या एका दिवट्यानं शिट्टी मारली. मी तिथल्या तिथे चक्की थांबवली आणि त्याचा डबा त्याच्या हातात दिला. अर्धं पीठ, अर्धे गहू. "घरी आईला सांग, बाकीचं तूच चावून बारीक कर." हसण्याचा एकच कल्लोळ उठला. आणि मी पाहिलं, दुर्वा हसत होती, पोरांच्या तोंडाकडे बघून हसत होती.

ही बातमी बजरंगतात्यांपर्यंत पोचणारच होती. ते आले तेव्हा गिरणी भरलेली होती. स्वतः बाजरीची पिशवी घेऊन आले होते, म्हणजे दळणाच्या निमित्तानं. पिशवी रांगेत ठेवली आणि दारातच उभे राहिले.

"राजेश्वरे, काय चालवलंय हे?"

"दळण."

"तोंड चालवू नगंस. भावकीतली पोरगी गिरणीत नाचवतीस? उद्या तिला सोयरीक कुठनं येनार? हळदीला नाचनारी म्हनून लोकं नाव ठिवतील."

"हळदीला तुमचीच पोरं डीजेपुढं मातीत लोळत्यात की तात्या. त्यांच्या सोयरिकी जमल्याच ना?"

कुणीतरी खुदकन हसलं. तात्यांचा चेहरा लाल झाला. "उद्यापासनं भावकीतलं एक बी दळन हितं येनार न्हाई. आणि तू गं," त्यांनी काठी दुर्वाकडे केली, "खाली बघ!"

झटक्यात तिची मान खाली गेली. इतक्या दिवसांची मेहनत त्या एका शब्दानं गेली. मला त्या माणसाचा भयंकर संताप आला. पण भांडून पोरीची मान वर येणार नव्हती. मी तात्यांची पिशवी उचलली आणि बाजरी चक्कीत ओतली.

"तात्या, तुमचं दळन लागलं बघा. नियम सगळ्यांना सारखा हाय. दळण होईस्तोवर बघायचं."

पट्टा फिरायला लागला. तात्या तिथंच उभे. जावं तर बाजरी इथं, थांबावं तर पोरगी समोर. दुर्वानं माझ्याकडे पाहिलं. मी चक्कीवर हात ठेवून उभी राहिले. मग तिनं पाइप धरला. एकेक पाय बाजूला, पुढे, मागे. आणि हळूहळू तिची हनुवटी वर आली. तिनं तात्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर तिथंच ठेवली. तिची सगळी कवायत तिनं त्यांच्याकडे बघत केली, एकदाही न चुकता. तात्यांनी आधी चक्कीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग स्वतःच्या काठीकडे. बाजरी संपायच्या आत ते निघून गेले. पीठ मी साळूबाईच्या हाती त्यांच्या घरी पोचवलं.

भावकीतलं दळण खरंच बंद झालं. म्हणजे पुरुषांनी आणणं बंद केलं. बायका दुपारी, घरात कुणी नसताना यायच्या आणि पोरीबद्दल विचारून जायच्या.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच निघालो. शाळेच्या आवारात मुली होत्या, घट्ट अंबाडे, गुलाबी बूट, सोबत इंग्रजी बोलणाऱ्या आया. दुर्वाचे बूट अश्विनी मॅडमनी दिलेले, थोडे सैल. मी काही बोलले तर तिला अजून भीती वाटेल म्हणून नुसता पाठीवर हात ठेवला. पालकांना आत सोडत नव्हते. मी व्हरांड्यात बसून राहिले. आतून पियानो ऐकू येत होता. बाकीच्या आया आपसात हसत-बोलत होत्या.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. पिकलेल्या केसांच्या, काळ्या कपड्यांतल्या एक बाई बाहेर आल्या. त्यांच्याबरोबर दुर्वा. मी उठून उभी राहिले.

"तुम्ही हिच्या आई?"

"आत्या."

"मुलीनं काम चांगलं केलं. आमच्याकडे रोखून बघत केलं," त्या म्हणाल्या. "पण वर्गाच्या शेवटी सगळ्या मुली परीक्षकांसमोर मान झुकवून वाकतात. तो बॅलेचा भाग आहे. ही वाकत नाही. दोनदा सांगितलं, नाही म्हणाली. जी मुलगी सांगितलेलं ऐकत नाही तिला आम्ही घेऊ शकत नाही. तुम्ही एकदा सांगून बघा."

मी दुर्वाकडे वळले. "का गं?"

"तूच म्हनलीस ना आत्या. कुनी बी म्हनलं तरी मान खाली घालायची न्हाई."

म्हटलं होतं मी. रोज म्हटलं होतं. आता माझ्या एका शब्दावर सगळं अडलं होतं. 'वाक बाई' एवढंच म्हणायचं होतं आणि ती वाकली असती, माझा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. शाळा मिळाली असती. शेजारच्या बाया बघत होत्या.

"बाई," मी म्हटलं, "ही मान वर आनायला मी गावाशी वैर घेतलंय. ती खाली घाल म्हनून मी माझ्या तोंडानं सांगनार न्हाई. तिला पटलं तर ती वाकल. न्हाईतर आमाला आमची एसटी हाय."

बाईंनी दुर्वाकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, संपलं. पोरीच्या आयुष्याची वाट माझ्या तोंडानं बंद केली.

मग दुर्वानं विचारलं, "तुमी बी वाकता का?"

"कुणासमोर?"

"आमच्यासमोर. पोरींसमोर."

"वाकतो," बाई म्हणाल्या. "वर्ग संपला की शिक्षकसुद्धा मुलींसमोर वाकतात. रोज."

"मग आदी तुमी."

शेजारच्या एका आईनं "अगं!" असा आवाज काढला. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी एक पाय मागे घेतला, हात अलगद बाजूला उघडला आणि त्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, माझ्या भाचीपुढे गुडघ्यात वाकल्या. मानही झुकवली, पुरती. माझ्या उभ्या जन्मात मी कुणा मोठ्या माणसाला दहा वर्षांच्या पोरीपुढे वाकताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

दुर्वानं त्यांना नीट बघून घेतलं. मग तीही वाकली. पाय मागे, पाठ सरळ, हात उघडा, मान खाली. कुणी काठी आपटली नव्हती.

बाई सरळ झाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पायांवर पुष्कळ काम करावं लागेल," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये घेऊन या हिला."