हेल्मेटला दोन बोटं

कोच प्रुइटने रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावरचा ट्रॅव्हियन पुन्हा एकदा मागे पडला. चेंडू झेलणारा समोरचा गडी, रिसीव्हर, त्याला ओलांडून गेला, चेंडू वरून आला, टचडाउन, थेट सहा गुण. पुन्हा बटण. चेंडू उलटा उडत फेकणाऱ्याच्या हातात गेला आणि सगळी फजिती नव्याने सुरू झाली.

"उभा राहा, गॅदर्स."

ट्रॅव्हियन गॅदर्स उभा राहिला. बेल्मोर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात ही जुनी रीत होती. सोमवारी शनिवारच्या सामन्याचं चित्रण लावायचं. पडद्यावर ज्याची चूक दिसेल त्याने उभं राहून 'माझी चूक' म्हणायचं आणि बसायचं. एवढं म्हटलं की विषय मिटला, कोच तो पुन्हा उकरून काढत नसे. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळू नये अशी आडदांड पोरंसुद्धा शाळकरी मुलासारखी पुटपुटायची आणि खुर्चीत शिरायची.

"त्या खेपेला मी काय सांगितलं होतं?"

"मागचा सगळा भाग माझा. रिसीव्हर माझ्या पुढे जाता कामा नये."

"आणि तू होतास कुठे?"

"त्याच्या अलीकडे. आखूड फेक अडवायला."

"का?"

पुढच्या रांगेत बसलेला मालाकाय डन वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती.

ट्रॅव्हियन होता कॉर्नरबॅक. कॉर्नरबॅकचं काम म्हणजे मैदानाच्या कडेला एकटं उभं राहून समोरच्या सगळ्यांत वेगाने पळणाऱ्या पोराची सावली होणं. चांगला खेळला तर चेंडू त्याच्याकडे येतच नाही आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. एकदा चुकला की साऱ्या मिसिसिपीला नाव पाठ होतं. त्याच्या मागे, मैदानाच्या मध्यावर सेफ्टी असतो, सगळ्यांची पाठ राखणारा. बेल्मोरचा सेफ्टी होता मालाकाय. त्या शनिवारी, चेंडू हलायच्या आधी, मालाकायने हेल्मेटला दोन बोटं लावली होती. ही खूण त्या दोघांचीच, कोचच्या वहीत नसलेली. अर्थ एवढाच: मागचं मी बघतो, तू पुढचं अडव. ट्रॅव्हियनने विश्वास टाकला आणि आखूड फेकीवर गेला. फेकणाऱ्याने मध्ये बघितल्यासारखं केलं, मालाकाय त्या नजरेच्या मागे धावला, आणि पाठ उघडी पडली. चित्रणात दोन बोटं नव्हती. कॅमेरा तेव्हा दुसरीकडे होता.

"माझी चूक म्हण आणि बस."

"नाही म्हणणार, कोच."

खोलीत कुणीतरी खोकलं. प्रुइट काही वाईट माणूस नव्हता; पण इतक्या वर्षांत ही रीत कुणी मोडली नव्हती, आणि नेमकं काय करायचं ते त्यालाही सुचेना.

"मग म्हणशील तोवर उभा राहा."

"चालेल."

मागच्यांना पडदा दिसावा म्हणून ट्रॅव्हियन चालत भिंतीपाशी गेला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. बैठक संपेपर्यंत तो तिथेच होता. मंगळवारच्या बैठकीत दारातून आला तो थेट भिंतीपाशी. बुधवारी त्याच्या खुर्चीवर पोरांनी दप्तरं ठेवायला सुरुवात केली.

"ए खांबा, जरा दिवा लाव ना, अंधार आहे," पोरं म्हणायची.

"बिल तुझ्या नावावर फाडतो," ट्रॅव्हियन म्हणायचा.

हसणं ठीक होतं, पण रात्री आईचा फोन आला तेव्हा त्याला हसू आलं नाही. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्याच्यासाठी खास प्रार्थना केली होती म्हणे.

"मी काय मरायला टेकलोय?"

"अरे बाळा, दोन शब्द तर आहेत. म्हणून टाक नि मोकळा हो. तुझी जागा गेली तर काय करशील?"

"आई, चूक माझी असती तर उभं राहण्याआधीच म्हटली असती."

"तुझा बाप असाच होता," ती म्हणाली. ते कौतुक होतं की तक्रार, हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

गुरुवारी जेवणघरात मालाकाय तळलेल्या माशाचं ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला. बराच वेळ त्याने नुसता लिंबू पिळला.

"तू म्हणून टाक ना, ट्रे. काय झिजतं तुझं?"

"तू म्हण."

"शनिवारी मोठ्या संघांची माणसं येतायत मला बघायला. कोचचा डाव मी मनाने बदलतो हे त्यांना कळलं, तर माझं नाव खोडतील."

"आणि माझं खोडलेलं चालतं तुला?"

"तू अजून दोन वर्षं खेळणार आहेस रे. भरून काढशील."

ट्रॅव्हियनला अशी चीड आली की ताट उचलून त्याच्या डोक्यावर उलटं करावं. शाळेपासून एका बसने गेलेली पोरं ती दोघं. ती खूणसुद्धा त्याच बसमध्ये ठरलेली. त्याने काटा खाली ठेवला.

"हे बघ, मी कोचकडे चुगली करणार नाही. तुझं तू सांगायचंस. पण तुझी चूक माझ्या तोंडून वदवून घेशील, तर ते होणार नाही. वर्षभर उभा राहीन."

मालाकायने मासा तसाच टाकला आणि उठून गेला.

शनिवारी ट्रॅव्हियन बाकावरच बसणार होता, पण त्याच्या जागी खेळणाऱ्या पोराचा घोटा सरावात मुरगळला होता. प्रुइटने त्याला बाजूला घेतलं.

"खेळशील, पण लांब उभा राहून. रिसीव्हरला झेल घेऊ दे, फक्त पुढे जाऊ देऊ नकोस. नाकाला नाक लावून खेळायला माझा तुझ्यावर भरवसा नाही."

समोरचा रिसीव्हर होता रेनर, लांब ढांगांचा आणि तोंडाने त्याहून लांब.

"टीव्हीवर बघितलं तुला," पहिल्याच खेपेला तो म्हणाला. "पाठमोरा छान दिसतोस. तोंड आज पहिल्यांदाच बघतोय."

दुपारभर ट्रॅव्हियन लांब उभा राहिला. रेनर आखूड झेल घ्यायचा, हा जाऊन पाडायचा. घरचेच प्रेक्षक हुर्यो करत होते. सांगितलेलं सगळं तो बिनचूक करत होता आणि मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, कारण झेल घेऊ देणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

शेवटी बेल्मोर जेमतेम पुढे होतं आणि घड्याळात एका फेकीपुरता वेळ उरला होता. मैदानाच्या कडेवरून प्रुइटने उघडा पंजा दाखवला: लांब राहा. ट्रॅव्हियनने पंजा बघितला. मग तो चालत निघाला आणि रेनरच्या थेट समोर, श्वासाला श्वास लागेल इतका जवळ जाऊन उभा राहिला.

"अरे वा, भेटायला आलास?" रेनर म्हणाला.

"घरी सोडायला आलोय."

कडेवर प्रुइट डोक्यावरचे हेडफोन उपटून ओरडत होता. ट्रॅव्हियनने तिकडे पाठ केली. तेव्हा त्याला मध्यावर मालाकाय दिसला. मालाकाय त्याच्याकडेच बघत होता आणि त्याची दोन बोटं हेल्मेटला लागलेली होती. मागचं मी बघतो.

ट्रॅव्हियनने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हात लांब करून तळवा दाखवला. तिथेच थांब, मला नको.

चेंडू हलला. रेनरने डावा खांदा टाकला, डोळे उजवीकडे फिरवले, पण ट्रॅव्हियन ना खांद्याकडे बघत होता ना डोळ्यांकडे. त्याची नजर रेनरच्या कमरेवर होती, कारण माणूस सगळ्या अंगाने फसवू शकतो, कमरेने फसवू शकत नाही. कंबर वळली तशी त्याने दोन्ही हातांनी छातीवर दणका दिला. रेनरची लय मोडली. मग दोघं खांद्याला खांदा लावून पळत सुटले. ट्रॅव्हियनने चेंडू शोधायला मान वळवली नाही. रेनरचे डोळे मोठे झाले, हात वर गेले, आणि त्या दोन हातांच्या मधून त्याने आपला हात घातला. चेंडू बोटांना चाटून गवतावर पडला.

मैदानभर लोक नाचत होते. रेनर गवतावर बसूनच म्हणाला, "तोंडही बरं आहे तुझं." ट्रॅव्हियनने त्याला हात देऊन उठवलं. मालाकाय लांब मध्यावरच उभा होता, थांब म्हटलं होतं तिथे.

सोमवारी पोरं शिट्ट्या वाजवत खोलीत शिरली. प्रुइट खुशीत होता. त्याने ती शेवटची फेक लावली, आपला उघडा पंजा पडद्यावर दिसला तसा थांबवली आणि पोरं खो-खो हसली. तोही हसला.

"कोचचं न ऐकल्याबद्दल आज पळायच्या जास्तीच्या फेऱ्या, गॅदर्स. आणि त्या दिवसाचं ते... सोड आता. जाऊ दे झालं. बस खाली."

ट्रॅव्हियन भिंतीपाशी उभा होता.

"फेऱ्या मारतो, कोच. न ऐकण्याची चूक माझी. पण त्या दिवसाचं मी अजून म्हटलेलं नाही."

"नको म्हणूस. माफ केलं मी."

"माफ कशाबद्दल?"

हसणं बंद झालं.

"आता बसलो, तर म्हटल्यासारखंच होईल," ट्रॅव्हियन म्हणाला. त्याने हाताची घडी सोडली नाही. "मी बरा आहे इथे."

प्रुइटच्या हातातला रिमोट तसाच राहिला. त्याच्या कपाळावर आठी चढली. आता काहीतरी वाईट होणार, असं सगळ्यांना वाटलं. एवढ्यात पुढच्या रांगेतली खुर्ची करकरली.

मालाकाय उठला. रांगेतल्या पोरांचे गुडघे ओलांडत तो भिंतीपर्यंत आला. त्याचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता.

"सरक," तो ट्रॅव्हियनला म्हणाला. "ही जागा माझी आहे."

"डन, हे काय चाललंय?" प्रुइट म्हणाला.

मालाकाय खोलीकडे तोंड करून उभा राहिला. त्याने हेल्मेट नसलेल्या डोक्याला दोन बोटं लावली आणि सगळ्यांना दिसावीत म्हणून तशीच धरून ठेवली.

"कोच, ही खूण तुमच्या वहीत नाही," तो म्हणाला. "हिचा अर्थ सांगायचा राहिलाय."

ट्रॅव्हियन आपल्या खुर्चीपाशी गेला. तिच्यावरची दप्तरं त्याने एकेक करून जमिनीवर ठेवली आणि खाली बसला.