डावीकडे ओढणारी गाडी

आपल्या गाडीत मोठा दोष निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला मालक कुणी पाहिलाय? तात्या त्या सकाळी तसेच बसले होते, मेहुण्याच्या गॅरेजात, आडव्या टाकलेल्या एका टायरवर.

एरवी या पांढऱ्या गाडीला कुणी नावं ठेवली, तर तात्या त्याच्याशी बोलणं टाकायचे. जन्मभर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या शहराला क्लच सोडायला शिकवलं. पण मागच्या आठवड्यात नातीला पोहायला नेताना एक सायकलवाला आडवा आला, तात्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे वळून फुटपाथवर चढली. आरसा दिव्याच्या खांबाला घासला. नातीला खरचटलंसुद्धा नाही. तिने उलट ती हकीकत हातवारे करून घरभर सांगितली, आणि तिथेच सगळं बिनसलं.

मुलगा चिडला असता तर तात्यांना बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "तात्या, तिला आता मीच सोडत जाईन."

तात्या म्हणाले, दोष गाडीचा. मुलाला वाटत होतं, दोष हातांचा. पण ते तो तोंडावर म्हणेना. शेवटी ठरलं की गाडी गॅरेजवाल्या मामांना, म्हणजे तात्यांच्या मेहुण्याला दाखवायची. दोष गाडीचा निघाला तर नात पूर्वीसारखी तात्यांच्या शेजारी बसेल, नाहीतर नाही. तलावापर्यंतच्या त्या वाटेवर ती जे बडबडायची, ते घरात दुसऱ्या कुणालाच सांगायची नाही. तात्यांना गाडीपेक्षा त्या बडबडीचा लोभ होता.

मेहुण्याने आधी गाडी एक चक्कर फिरवून आणली. उतरल्यावर त्याने पुढच्या एकेका चाकाच्या मध्याजवळ हाताची पालथी बाजू नेली, आईने पोराचा ताप बघावा तशी.

"डावं चांगलं तापलंय, उजवं गारच," तो म्हणाला. "दाजी, तुमचा उजवा ब्रेक झोपा काढतोय. सगळं काम एकटा डावा करतो, म्हणून गाडी तिकडे ओढते."

मग त्याने पुढची बाजू जॅकवर उचलली, चाक दोन्ही अंगांनी धरून हलवलं. आतून खटखट आवाज आला. "भाच्या, जरा स्टिअरिंग हलव बघू." मुलाने हलवलं. चाक जागचं हलायच्या आत स्टिअरिंग चांगलं चार बोटं फिरलं. खाली वाकून मेहुण्याने झिजलेला सांधा दाखवला.

तात्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मुलाकडे अशा थाटात पाहिलं, जणू कोर्टातून निर्दोष सुटून आलेत.

"चुकलं माझं, तात्या," मुलगा म्हणाला. तो मनापासून म्हणाला, तरी तात्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

ब्रेक खोलता खोलता मेहुण्याने विचारलं, "हे काही एका दिवसात झालेलं नाही, दाजी. बरेच महिने ओढत असणार. तुम्हाला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? ब्रेकवर पाय ठेवला की हळूच उजवीकडे ओढून धरायचं. गाडी सुतासारखी सरळ जाते. आमच्या धंद्यात याला हात म्हणतात."

मेहुणा पुन्हा ब्रेककडे वळला. त्याने उजव्या ब्रेकच्या आत अडकलेला दट्ट्या काढला, सांधा बदलला, चाकं नीट रेषेत लावली. दुपारी तिघं गाडी घेऊन मागच्या मोकळ्या मैदानावर गेले. मेहुणा उतरून बाजूला उभा राहिला. मुलगा तात्यांच्या शेजारी बसला.

गाडी लोण्यासारखी चालली. तात्या मनातल्या मनात नातीला हाकसुद्धा मारून आले.

"आता दाबा ब्रेक!" मेहुणा ओरडला.

तात्यांनी ब्रेक दाबला, आणि कुणाला न विचारता हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. जुन्या सैल स्टिअरिंगमध्ये ती ओढ अर्धी जिरून जायची. आताच्या घट्ट स्टिअरिंगने ती पुरी मानली. गाडी उजवीकडे वळून रिकाम्या पिंपांच्या रांगेपाशी जाऊन थांबली.

मेहुणा धावत खिडकीशी आला. "गाडी सरळ आहे, दाजी."

"माहितीय."

रस्त्यावर उजवीकडून समोरची वाहनं येतात, हे तात्यांनी किती जणांना घसा फोडून सांगितलं होतं. ज्याला ते कसब म्हणत होते, तो आजार होता आणि तो गाडीतून त्यांच्या हातांत उतरला होता. त्यांना मनापासून भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. त्यांनी किल्ली काढून मुलापुढे धरली.

"तूच सोडत जा तिला."

मुलाने किल्ली घेतली नाही. "हात जे शिकले ते विसरतीलही. रोज सकाळी इथे येऊ. शेजारी मी बसेन."

"आणि ती?"

"ती कधी बसेल ते तुम्ही सांगायचं. मी नाही."

"मी सांगितलेलं तुला चालेल?"

"गाडी शिकवताना तुम्ही मला तीनदा नापास केलंय, तात्या. सख्ख्या मुलाला. मला चालेल."

मेहुणा हसू दाबत मागे सरला. तात्यांनी किल्ली पुन्हा लावली, गाडी पिंपांपासून मागे घेतली आणि मैदानाला एक चक्कर मारली. हात सैल ठेवून त्यांनी ब्रेक दाबला. या वेळी गाडी वीतभरच उजवीकडे सरकली. मुलाला तर ते जाणवलंही नाही.

"जमलं की!" तो म्हणाला. "काय म्हणता?"



"नापास," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पहिला गिअर टाकला.