दुसरी चावी

घड्याळजींनी गाडीची चावी पॅन्टच्या खिशासकट धुण्याच्या मशीनमध्ये टाकली आणि चांगली चाळीस मिनिटं फिरवली. आता ह्याला काय म्हणायचं? जन्मभर लोकांच्या घड्याळांतले केसाएवढे स्क्रू जिवापाड सांभाळणारा माणूस, पण धुण्याआधी खिसे चाचपावेत हे काही सुचलं नाही. तसं धुणं त्यांच्याकडे अलीकडेच आलं होतं. बायकोच्या किडन्यांनी हात टेकल्यापासून घरातली निम्मी कामं त्यांच्या गळ्यात पडली होती. ती सगळी ते कुरकुर न करता आणि एकही धड न करता उरकत होते.

चावी मशीनमधून निघाली ती लख्ख होऊन. तिने गाडीचं दार उघडत होतं, ती आत फिरतही होती, पण इंजिन काही हूं की चूं करेना. घड्याळजींनी ती दुकानात नेली, डोळ्याला भिंग लावून उघडली, आतलं पाणी टिपलं आणि टेबलावरच्या दिव्याखाली दोन दिवस वाळवली. शेजारच्या चप्पलवाल्याने तांदळात पुरून ठेवायला सांगितलं, तेही केलं. तांदळाला प्लॅस्टिकचा वास लागला, चावी होती तशीच राहिली.

गाडी अडून राहिली म्हणजे बायको अडून राहणार. आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस, आणि दवाखाना पार दुसऱ्या टोकाला. जाताना ती एक वेळ बसने जाईल, पण येताना तिच्यात उभं राहायचंही त्राण नसे, मागच्या सीटवर आडवी होऊन ती घरी यायची. एकदा चप्पलवाल्याने नेलं-आणलं, एकदा टॅक्सी केली. असं किती दिवस चालणार? म्हणून गुरुवारी सकाळी त्यांनी चावीवाल्याला घरीच बोलावलं. बाराला दवाखान्यात पोचायचं होतं.

चावीवाला जरा बोलका प्राणी होता. गाडीत बसला, स्टिअरिंगखाली वायर जोडली, मांडीवर मशीन घेतलं, आणि जो तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच. चावीतली चिप मेली आहे, गाडी हिला ओळखत नाही, म्हणाला. घाबरायचं कारण नाही, अर्ध्या तासात नवी करून देतो, कंपनीवाले सांगतील त्याच्या पाव पैशांत. मग त्याने सहज विचारलं, दुसरी चावी आहे ना घरात?

आहे, पण मुलाकडे आहे, घड्याळजी म्हणाले. मुलगा बाहेरगावी असतो.

बाहेरगावी! चार वर्षं ते सगळ्यांना हेच सांगत आले होते. खरं म्हणजे पोरगा कुठे आहे हे देवाला ठाऊक. दुकानात गिऱ्हाइकांसमोर घड्याळजी त्याला बोलू नये ते बोलले होते, की तुझ्या हातात घड्याळ देण्यापेक्षा हातोड्याने फोडलेलं बरं. एकुलता एक पोरगा, सव्वीस वर्षांचा. त्याने डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि तो जो निघून गेला तो गेलाच. फोन लागेना, पत्र नाही, निरोप नाही. मात्र गाडीची दुसरी चावी त्याच्या खिशात गेली. घड्याळजींनी सगळा जीव त्या चावीला टांगला होता. ज्याला यायचंच नाही तो चावी कशाला नेईल, असा त्यांचा हिशोब. दर रविवारी ते गाडी धुवायचे, टाकीत पेट्रोल आहे ना बघायचे, तोंड रस्त्याकडे करून ती उभी करायचे आणि बायकोला म्हणायचे, येईल बघ एक दिवस. ती मान हलवायची.

"मग काका, एक सांगून ठेवतो," चावीवाला म्हणाला. "गाडीची आठवण आधी सगळी पुसावी लागते, मग ती नवी चावी शिकते. मुलाकडची चावी समोर असती तर तिलाही परत शिकवली असती. ती नाही, म्हणजे ती बाद. दार उघडेल, पण गाडी चालू होणार नाही."

घड्याळजी म्हणाले, "थांबा. पुसू नका."

चावीवाल्याला वाटलं, पैशांवरून अडलंय. तो आणखी थोडे कमी करायला तयार झाला. घड्याळजींनी विचारलं, न पुसता होण्यासारखं काही आहे का? कंपनीकडून गाडीच्या नंबरावर चावी मागवता येते, तो म्हणाला, मग जुनीला धक्का लागत नाही. पण चौपट पैसे, आणि यायला तीन आठवडे तरी धरा. घड्याळजींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मागवतो. चावीवाल्याने डोक्याला हात लावला. बाहेरगावचा मुलगा येईल तेव्हा त्याची चावी दहा मिनिटांत शिकवून देतो, फुकट देतो, पण काकूंना तीन आठवडे दवाखान्यात कसं नेणार?

पोरगा अवेळी येईल, काही न बोलता गाडीत बसेल, चावी फिरवेल आणि गाडी त्याला ओळखणार नाही, एवढंच घड्याळजींना दिसत होतं. बापाने आपल्याला इथूनही पुसून टाकलं, असं त्याला वाटेल. त्यांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. आणि बायकोचे तीन आठवडे सहन होण्यासारखे होते का?

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. पिशवी भरलेली, चप्पल घातलेली. ती आत गेली. बऱ्याच वेळाने आली, भिंतीला धरत धरत, आणि तिने चावीवाल्याच्या हातात एक चावी ठेवली.

"ही चालते का बघा," ती म्हणाली.

त्याने ती लावली आणि फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चावीवाला खूश झाला, म्हणाला, काकू, ही होती तर आधी सांगायचं नाही का! ह्याच्यात मला काही करायचंच नाही, गाडी ओळखते हिला.

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. ह्या गाडीच्या दोनच चाव्या होत्या, आणि एक तर त्यांच्या स्वतःच्या हातात मेलेली होती.

"कधी आला होता?"

"गेल्यावर दीड महिन्याने. तुम्ही दुकानात होतात. दाराखालून आत सरकवली होती."

"बेल?"

"नाही वाजवली. मी आत भांडी घासत होते. दार उघडेपर्यंत कुणी नव्हतं."

"चिठ्ठी वगैरे?"

"नुसती चावी." ती कठड्यावर बसली. "तुम्ही रविवारी गाडी धुतलीत की दोन घास नीट जेवायचात. कसं सांगणार होते मी?"

घड्याळजींना तिच्यावर चिडावंसं वाटलं, पण चीड येईना. चार वर्षं प्रत्येक रविवारी ती कशी मान हलवत आली असेल, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. आणि पोरगा दारापर्यंत आला होता. आला, वाकला, चावी सरकवली आणि बेलला हात न लावता गेला. त्यांनी तोंडातून काढलेलं ते एक वाक्य काही केल्या परत घेता येणार नव्हतं, आणि घ्यायला समोर कुणी येणारही नव्हतं. त्यांनी गाडीचं दार धरलं.

चावीवाल्याला काही कळलं, काही नाही. त्याने फक्त येण्या-जाण्याचे पैसे सांगितले. मग त्याला राहवेना. एक चालू चावी हातात आहे तोवर दुसरी अगदी स्वस्तात होते, तो म्हणाला, हीही गेली तर मग खरा खर्च आहे. आता दहा मिनिटांत करून देऊ का?

"दुसरी कुणाला देऊ?" घड्याळजींनी विचारलं.

त्यांना ते खरंच विचारायचं होतं. चावीवाला खाली बघून वायर गुंडाळू लागला. बायको हळूहळू उठली, मागच्या सीटवर जाऊन बसली, आणि म्हणाली, चला, बारा वाजत आले.